सुप्याच्या माळावरची लोकर

पुण्यात हाताने विणणाऱ्याला अस्सल लोकर हवी असेल, तर तुळशीबागेपासून रविवार पेठेपर्यंतची दुकाने पालथी घातली तरी हाती बहुधा ॲक्रिलिकचाच गुंडा लागतो. मेरिनो मेंढीची मऊ लोकर घ्यावी म्हटले, तर ती बाहेरदेशाहून आलेली असते आणि एका स्वेटरपुरती घेतानाही दहा वेळा विचार करावा लागतो. वास्तविक आपल्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडे, बारामती, दौंड, इंदापूर, पुरंदर, शिरूर या कमी पावसाच्या तालुक्यांत, दख्खनी मेंढ्यांचे कळप पिढ्यान्‌पिढ्या चरत आले आहेत. सुप्याजवळच्या एका धनगर कुटुंबाकडून मी गेली काही वर्षे लोकर विकत घेते आहे आणि विणणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी तिथवर जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, मोरगाव असा रस्ता धरला की सुपे येते. जेजुरीवरून जाताना बानाईची आठवण होतेच. खंडोबाची ही पत्नी धनगरांची लेक, आणि लोकरीच्या खरेदीला निघालेल्या माणसाला याहून योग्य वाट कोणती असणार! मोरगावच्या पुढे ऊस मागे पडतो आणि गवताळ माळ सुरू होतो. मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारा याच माळावर राहतात आणि मेंढ्याही याच गवतावर पोसल्या जातात.

हे दुकान नव्हे, घर आहे. तेव्हा आधी फोन करूनच जावे. दिवाळीनंतर या भागातले बरेच कळप घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वाटेत शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. या कुटुंबातील तरुण माणसे कळपाबरोबर असली, तरी थोरली मंडळी घरी असतात आणि सूत तीच कातत असल्यामुळे गाठ त्यांच्याशीच पडते.

दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. ते काम पाहायला मिळाले, तर अवश्य थांबावे. मेंढीचे चारही पाय बांधून तिला आडवी करतात आणि दोन पात्यांची मोठी कातर कातडीलगत, पोटाकडून पाठीकडे, सरकवत नेतात. वरची टोके उन्हाने तांबूस झालेली असतात. कातर आत शिरते तसा मूळचा काळाभोर रंग उघडा पडतो आणि सगळी लोकर एकसंध थराने बाजूला कलंडते. त्या थरात कुसळे असतात, गोखरू असतात, माती असते. ते सगळे हाताने वेचून, लोकर झोडून आणि पिंजून मगच चरख्यावर घेतात. एका मेंढीची वर्षभराची लोकर किलोभरही भरत नाही, हे कळल्यानंतर लडीकडे पाहण्याची आपली नजर बदलते.

आता खुद्द लोकरीविषयी. ती मऊ नाही. मेरिनोचा तंतू २४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत असतो, तर दख्खनीचा सरासरी ३० मायक्रॉनच्या वर, आणि त्यात मधूनमधून राठ केसही येतात. गळ्याशी किंवा उघड्या हातांना ती टोचते. पण हाच राठपणा तिचे बळ आहे. घोंगडे पावसात पांघरले जाते, शेतात अंथरले जाते, ओझ्याखाली डोक्यावर घेतले जाते आणि तरीही वर्षानुवर्षे टिकते, ते या तंतूमुळेच. मी या सुताची बिनबाह्यांची जाकिटे, खांद्याच्या पिशव्या आणि बसायची आसने विणली आहेत. जाकीट सुती सदऱ्यावर घातले की टोचत नाही आणि जानेवारीतल्या पहाटे टेकडीवर फिरायला जाताना दुसरे काही लागत नाही. आसनांना तर रोजच्या वापरानेही गोळे आलेले नाहीत. ॲक्रिलिकचे आसन एवढ्या वापरात केव्हाच चोथा झाले असते.

रंग हे तिचे आणखी एक वैभव. काळा, करडा, तपकिरी आणि क्वचित मळकट पांढरा, एवढेच रंग मिळतात आणि ते सगळे मेंढीच्या अंगचे असतात. एकाच लडीत काळ्यातून तांबूस छटा उमटत जाते. त्यामुळे साधा सुलट-उलट टाकासुद्धा खुलून दिसतो आणि जाळीची किंवा वेण्यांची नक्षी मात्र त्या काळ्या रंगात बुडून जाते. म्हणून वीण साधीच ठेवावी. सूत जाड असते. ८ नंबरच्या सुयांवर कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होते, तेव्हा ६ नंबर किंवा त्याहून जाड सुया घ्याव्यात (नंबर जितका लहान तितकी सुई जाड). विणण्यापूर्वी लड थंड पाण्यात रिठ्याने धुवावी. गरम पाणी आणि चोळणे कटाक्षाने टाळावे, कारण ही लोकर लगेच आटते आणि घट्ट बसते.

उणिवाही सांगायला हव्यात. सुताची जाडी सारखी नसते. एका लडीत बारीक आणि जाड असे दोन्ही पट्टे येतात, त्यामुळे मोठे काम करताना दोन गुंड्यांमधून आलटून पालटून ओळी विणाव्या लागतात. कितीही वेचली तरी कुसळे निघतातच. ओली झाल्यावर मेंढीचा वास येतो. तो दोन-तीन धुण्यांत कमी होतो. एकाच छटेच्या लडी पुन्हा मिळतील याची खात्री नाही, म्हणून लागेल तेवढे सूत एकदमच घ्यावे.

विक्रीतला प्रामाणिकपणा मात्र मोठ्या दुकानांनी शिकावा असा आहे. मी पहिल्यांदा लडी निवडत होते, तेव्हा घरातल्या आजींनी विचारले, "कुणासाठी विणताय, ताई? बाळासाठी असंल तर ही नका नेऊ, टोचंल त्याला." आणि त्यांनी वेगळी ठेवलेली जावळाची लोकर दाखवली. कोकराची ही पहिली कातरणी हाताला लगेच वेगळी लागते. गालाशी धरावी इतकी ती मऊ नसली, तरी मफलर आणि टोपीसाठी उत्तम आहे.

दराबाबत मी घासाघीस करत नाही आणि कोणी करू नये. कच्च्या लोकरीला व्यापारी देतात तो भाव कातरणीच्या मजुरीलाही पुरत नाही. अनेक ठिकाणी ती चक्क टाकून दिली जाते. मटणाला भाव असल्यामुळे बरेच मेंढपाळ जतकडच्या माडग्याळ जातीकडे वळले आहेत. त्या मेंढ्या अंगाने मोठ्या असतात, पण त्यांच्या अंगावर लोकर फारच थोडी. कातलेल्या सुताला शहरातले गिऱ्हाईक मिळाले, तरच काळी दख्खनी मेंढी लोकरीसाठी राखण्याला काही अर्थ उरतो.

जाण्यासाठी कातरणीनंतरचे दोन-तीन आठवडे सोडून द्यावेत, कारण तेव्हा लोकर असते पण सूत कातून झालेले नसते. पैसे रोख न्यावेत आणि बरोबर कापडी पिशवी असू द्यावी. जावळाची लोकर हवी असल्यास आधीच सांगून ठेवावे. ती थोडीच निघते आणि घोंगडी विणणाऱ्यांची तिला पहिली मागणी असते.