कवटी, मेंदू आणि मज्जारज्जूचं मॉडेल : बरेच महिने वर्गात वापरल्यानंतर

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी ॲनाटॉमी शिकवते. हा संच माझ्या हातात जवळजवळ रोज असतो. त्यात तीन भागांत उघडणारी खऱ्या मापाची कवटी आहे, तिच्यात बसणारा आठ तुकड्यांचा मेंदू आहे आणि कटीच्या हाडांसकट अख्खा कणा आहे. कण्यातून मज्जारज्जू आणि नर्व्हची मुळं बाहेर आलेली दिसतात. शिवाय मज्जारज्जूचा आडवा छेद मोठा करून दिलाय. नवं असताना असं मॉडेल कुणालाही आवडतं, म्हणून मुद्दाम ते हाताळून जुनं झाल्यावर लिहितेय. मत आधीच सांगते. कवटीचा तळ आणि कण्याचा खालचा भाग शिकवायचा असेल तर अवश्य घ्या. फक्त मेंदूसाठी घेणार असाल तर खालचं वाचून मग ठरवा.

कवटीचं वरचं झाकण काढलं की आतला तळ तीन टप्प्यांत खाली उतरताना दिसतो. पुढचा टप्पा सगळ्यांत उंच. त्यावर मेंदूचा फ्रंटल लोब, म्हणजे पुढचा भाग, टेकतो, आणि हाच टप्पा डोळ्यांच्या खोबण्यांचं छतही असतो. मधल्या टप्प्यात दोन्ही बाजूंना टेम्पोरल लोब आणि मध्यावर पिट्युटरी ग्रंथीची छोटी खळगी. मागचा सगळ्यांत खोल, तिथे लहान मेंदू आणि ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ. पुस्तकातल्या सपाट चित्रात ही उतरण कळतच नाही. मॉडेलमध्ये बोट फिरवलं की मुलांना पहिल्याच दिवशी कळते.

या कवटीतली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे तळातली छिद्रं खरोखर आरपार आहेत. बऱ्याच मॉडेलमध्ये तिथे नुसते खड्डे असतात. मी मुलांना पातळ तार देते आणि फोरामेन ओव्हेल नावाच्या छिद्रातून खाली घालायला सांगते. तार कवटीखाली, जबड्याच्या सांध्याच्या आतल्या अंगाला निघते. चावण्याच्या स्नायूंकडे जाणारी नर्व्ह इथूनच बाहेर पडते, हे मग पाठ करावं लागत नाही. त्याच्या शेजारचं बारकं छिद्र फोरामेन स्पायनोसम. त्यातून मिडल मेनिंजिअल धमनी आत शिरते, आणि तिची खाच हाडाच्या आतल्या बाजूने वर कानशिलाकडे चढत जाते. ही खाच या मॉडेलमध्ये स्पष्ट कोरलेली आहे. तर्जनी तिच्यावरून नेत नेत मुलं टेरिऑनपाशी, म्हणजे फ्रंटल, पराएटल, टेम्पोरल आणि स्फेनॉइड ही चार हाडं जिथे जवळ येतात तिथे पोचतात. कानशिलावर फटका बसून तिथलं हाड तडकलं तर नेमकी हीच धमनी फाटू शकते. रक्त हाड आणि ड्युरा, म्हणजे मेंदूचं सगळ्यांत बाहेरचं जाड आवरण, यांच्यामध्ये साचतं. असा रुग्ण कधी कधी थोडा वेळ अगदी शुद्धीवर असतो, बोलतो, आणि मग ढासळतो. डोक्याला मार लागलेल्या माणसावर लक्ष ठेवायला का सांगतात, हे एवढ्यानेच पोरांच्या डोक्यात बसतं.

इथेच मॉडेलची मोठी उणीवही आहे. प्लास्टिकची जाडी सगळीकडे सारखी. खरी कवटी उजेडासमोर धरली तर कानशिलापाशी आणि डोळ्यांच्या छतात उजेड आरपार येतो. उलट आतला कान ज्याच्यात असतो तो टेम्पोरल हाडाचा पेट्रस भाग दगडासारखा घट्ट असतो. कवटी नेमकी कुठे तडकते याचं कारण या जाड-पातळपणात आहे, आणि ते मॉडेल सांगत नाही. ते तुम्हालाच बोलून सांगावं लागेल. हाडांचे सांधेही नुसत्या कोरलेल्या रेघा आहेत, त्यामुळे २२ हाडं मोजायला लावली की मुलं चेहऱ्यापाशी अडखळतात. खालच्या जबड्याची स्प्रिंग काही महिन्यांत सैल झाली. बाळाची टाळू दाखवायची असेल तर नवजात बाळाची कवटी वेगळी घ्यावी लागेल.

आता मेंदू. इथे माझी तक्रार आहे. प्रत्येक लोबला वेगळा भडक रंग दिलाय आणि सीमा पट्टीने आखल्यासारख्या. फ्रंटल आणि पराएटल यांच्यामधली मध्यवर्ती भेग खरंच ठळक असते, पण पराएटल, टेम्पोरल आणि ऑक्सिपिटल यांच्यामधली हद्द बऱ्याच ठिकाणी मानलेली असते, वळ्या पाहून ती सापडत नाही. मुलांना वाटतं की मेंदू असा तुकड्यातुकड्यांचाच असतो. शिवाय तो टणक आणि हलका. खरा मेंदू १३०० ते १४०० ग्रॅमचा आणि इतका मऊ की द्रवाचा आधार नसेल तर स्वतःच्या वजनाने दबेल. त्याच्याभोवती आणि आतल्या पोकळ्यांत मिळून साधारण १५० मिलिलिटर सेरेब्रोस्पायनल द्रव असतो. त्यात तरंगताना मेंदूचं जाणवणारं वजन सुमारे ५० ग्रॅमवर येतं. मॉडेलमध्ये या द्रवाला जागाच नाही, कारण आवरणं दिलेली नाहीत. ड्युरा नाही, दोन अर्धगोलांमधला पडदा नाही, लहान मेंदूवरचं छतही नाही. हे पडदे दिसले नाहीत तर आतला दाब वाढल्यावर मेंदू कुठे आणि कसा अडकतो, हे समजावणं फार कठीण जातं. ड्युरासह येणारं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या, बाकीचे तुकडे दोन कमी असले तरी चालतील.

तरी मेंदूतला एक भाग मला फार उपयोगी पडला. दोन अर्धगोल वेगळे केले की आतली सपाट बाजू दिसते. मध्यवर्ती भेगेच्या पुढची वळी हालचालीची, मागची संवेदनेची. चेहरा आणि हात यांचा भाग बाहेरच्या बाजूवर असतो, आणि पायाचा भाग वरून वळून आतल्या बाजूला उतरतो. बाहेरच्या बाजूला रक्त मिडल सेरेब्रल धमनीचं, आतल्या बाजूला अँटिरिअर सेरेब्रलचं. म्हणून एका पक्षाघातात हात आणि तोंड जास्त जातं आणि दुसऱ्यात पाय. आमच्या मुलांना पुढे आयुष्यभर असेच रुग्ण चालवायचे आहेत. अर्धगोल हातात उलटापालटा करून हे एकदा पाहिलं की रुग्णाचा पाय का उचलत नाही याचं उत्तर त्यांना स्वतःच शोधता येतं.

क्रेनिअल नर्व्हच्या, म्हणजे थेट मेंदूशी जोडलेल्या नर्व्हच्या, बारा जोड्या पिवळ्या दांड्या करून दाखवल्यात. बारीक दांड्या आधी मोडतात. ब्रेनस्टेमच्या मागच्या बाजूने निघणारी एकमेव नर्व्ह म्हणजे चौथी, ट्रॉक्लिअर. आमच्याकडे ती आता शिल्लक नाही. लहान मेंदू धरून ठेवणारं चुंबकही दुबळं आहे, मॉडेल तिरपं केलं की तो निखळतो.

कणा मात्र या संचाचं खरं मोल आहे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी बरोबर संपवलाय आणि पुढे मुळांचा झुपका, म्हणजे कॉडा इक्वायना, खाली उतरताना सुटा दिसतो. मोठ्या माणसात मज्जारज्जू साधारण ४५ सेंटिमीटरचाच, कण्यापेक्षा बराच आखूड. पाठीतून पाणी काढायची सुई एल ३ आणि एल ४ (कमरेचा तिसरा आणि चौथा मणका) किंवा एल ४ आणि एल ५ यांच्यामध्ये का घालतात, हे इथे नजरेसमोर असतं. दोन्ही हात कटीच्या हाडांच्या वरच्या कडांवर ठेवून अंगठे मध्ये आणले की साधारण कमरेचा चौथा मणका सापडतो. मुलं हे आधी मॉडेलवर करतात आणि मग एकमेकांच्या पाठीवर.

नर्व्हच्या ३१ जोड्या बोटाने मोजता येतात. मानेत मणके सात आणि नर्व्ह आठ कशा, हा दरवर्षीचा प्रश्न. पहिल्या सात आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, आठवी सातव्या मणक्याच्या खालून, आणि तिथून पुढे प्रत्येक नर्व्ह आपल्या मणक्याच्या खालून. आमच्या कण्यात एल ४ आणि एल ५ यांच्यामधली गादी सरकलेली, लाल रंगात दाखवली आहे. मी विचारते, कोणती नर्व्ह दबेल? बहुतेक जण कमरेची चौथी म्हणतात. मग मुळावर बोट ठेवून खाली यायला सांगते. चौथी गादीच्या पातळीच्या वरूनच बाहेर पडलेली असते, आणि मागे सरकलेल्या गादीवरून ओलांडत खाली जाणारी असते ती पाचवी. म्हणून अशा रुग्णाला बहुधा पायाचा अंगठा वर उचलायला त्रास होतो. एवढी एक गोष्ट हाताने कळावी म्हणूनसुद्धा मी हा कणा घेतला असता.

त्याची हालचाल मात्र खरी धरू नका. आतून लवचीक दांडा घातलाय, त्यामुळे कणा वरपासून खालपर्यंत सारखाच वाकतो आणि फिरतो. प्रत्यक्षात मान फिरवण्याची जवळजवळ अर्धी हालचाल पहिल्या दोन मणक्यांमध्येच होते आणि कमरेचे मणके फारच थोडे फिरतात. व्यायाम शिकवणाऱ्याने मॉडेलवरून कमरेची फिरकी ठरवली तर रुग्णाची पाठ दुखेल. दुसऱ्या मणक्याचा वर आलेला दात छान दिसतो, पण त्याला मज्जारज्जूपासून दूर धरून ठेवणारा आडवा लिगामेंट दाखवलेला नाही.

आडवा छेद स्वच्छ आहे. करडा भाग आत, पांढरा बाहेर. मागचं मूळ संवेदनेचं, गाठीसकट, आणि पुढचं हालचालीचं. फक्त एक पाहा : वर मेंदूकडे जाणारे संवेदनेचे मार्ग एका बाजूला आणि खाली येणारे हालचालीचे दुसऱ्या बाजूला रंगवलेत. ही रंगवणाऱ्याची सोय आहे. दोन्ही प्रकारचे मार्ग दोन्ही बाजूंना असतात. हे सांगितल्याशिवाय अर्धा मज्जारज्जू कापला गेल्यावर त्याच बाजूची ताकद आणि विरुद्ध बाजूची वेदना का जाते, ते मुलांना पटत नाही. वेदनेचा मार्ग मज्जारज्जूतच बाजू बदलतो, हालचालीचा मुख्य मार्ग वर मेडुलामध्ये, म्हणजे ब्रेनस्टेमच्या सगळ्यांत खालच्या भागात.

देखभाल सोपी. ओल्या फडक्याने, सौम्य साबणाने पुसा. स्पिरिट लावू नका, रंग निघतो. भागांवरच्या आकड्यांची छपाई हाताळून पुसट होते, म्हणून आल्या आल्या सगळ्या भागांचे फोटो काढून ठेवा आणि सोबतची पुस्तिका पुस्तकाशी ताडून पाहा. कणा हुकाला टांगून ठेवा, आडवा ठेवला तर गाद्या एका बाजूने चिरतात.

दुकानात किंवा ऑनलाइन पाहताना मी आता आधी तीन गोष्टी विचारते : फोरामेन ओव्हेल आरपार आहे का, मज्जारज्जू कुठल्या मणक्याला संपवलाय, आणि ड्युरा दिलाय का. पहिल्या दोन्हींची उत्तरं बरोबर असतील तर या संचासारखा संच वर्गासाठी बिनधास्त घ्या. तिसरंही मिळालं तर माझ्यापेक्षा चांगला संच तुमच्याकडे असेल.