आजारी बाळाचा फोटो आणि क्यूआर कोड आला तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा

एकूण 54,900 रुपये गेले. माझे 36,500 आणि माझ्या शब्दावर इतरांनी दिलेले 18,400. माझे गेले ते मी गिळले असते. दुसऱ्या आकड्याने झोप उडवली आहे, म्हणून लिहितेय.

मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला. दीड वर्षाचं बाळ, हृदयाला छिद्र, शुक्रवारी ऑपरेशन, सव्वा लाख कमी पडतायत. बापाचा नंबर, क्यूआर कोड, रुग्णालयाच्या लेटरहेडवर खर्चाचा अंदाज. असले मेसेज कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे, मलाही होतं. सोळा वर्षं हिशेबाचं काम करतेय, पावती नीट नसेल तर साहेबांनाही परत पाठवते. पण बाबांच्या बायपासच्या वेळी आमच्याकडे पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी वर्गणी काढली होती. त्यांनी आमच्याकडे एक कागद मागितला नव्हता. बाळाच्या नाकावरची ती चिकटपट्टी पाहिली आणि मला तेच दिवस आठवले.

पहिले 5,000 पाठवताना स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं. ना बापाचं, ना रुग्णालयाचं, कसल्याशा ट्रेडर्सचं. माझा अंगठा थांबला होता. मी फोन करून विचारलंही. "ताई, माझ्या खात्याची लिमिट संपली, हे मेव्हण्याच्या दुकानाचं आहे." आणि मी पिन टाकला. तिथेच थांबायला हवं होतं. ते नाव दाखवतात ते वाचण्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, मी थेट रुग्णालयाच्या खात्यात भरते, बाळाचा आयपीडी नंबर, म्हणजे दाखल पेशंटचा नोंदणी क्रमांक, द्या. पलीकडे क्षणभर शांतता, मग रडणं. औषध बाहेरून आणायचंय, मेडिकलवाला थांबायला तयार नाही. मागे मॉनिटरचा आवाज येत होता. 20,000 पाठवले. नंबर मिळालाच नाही हे फोन ठेवल्यावरही माझ्या लक्षात आलं नाही. गुरुवारी रक्ताच्या पिशव्यांसाठी 11,500. मग मीच तो मेसेज तीन ग्रुपवर टाकला, "खात्री केली आहे" असं लिहून.

कसली खात्री? खर्चाच्या कागदावर वर वय दीड वर्ष आणि खाली वजन 19 किलो लिहिलं होतं. दीड वर्षाचं बाळ 19 किलोचं! मी त्या कागदाची बेरीज तपासली होती. बेरीज बरोबर होती.

शुक्रवारी संध्याकाळी नंबर बंद. मला वाटलं, बाळ गेलं. दोन दिवस मी त्या माणसासाठी रडले. सोमवारी रुग्णालयाच्या मुख्य नंबरवर फोन केला, तर असा पेशंटच नाही. हा फोन दोन मिनिटांचा होता. तुम्ही तो आधी करा, आणि नंबर त्या कागदावरचा घेऊ नका, स्वतः शोधा.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तोवर पैसे पुढच्या खात्यांत फिरले होते. तिथे पहिले काही तास महत्त्वाचे असतात, माझ्यासारखं रडत बसू नका. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात विचारलं, "तुम्ही दान दिलंत, यात फसवणूक कुठे?" दुसऱ्या खेपेला खातं परराज्यातलं, आमची हद्द नाही. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तो नोंदवण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे. ते मी मोबाइलवर वाचून दाखवलं, तर "साहेब आल्यावर या." चार रजा गेल्या. "छत्तीस हजारांसाठी एवढं?" असंही ऐकून घेतलं. अखेर एका खात्यात 1,140 रुपये गोठवल्याचं कळलं, आणि ते हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा! ज्यांनी धावायचं ते बसून आहेत आणि मी फेऱ्या मारतेय.

खऱ्या गरजूला या लोकांनी किती मागे लोटलंय! खरा बाप आला तर त्याला महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल सांगा, रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांकडे पाठवा. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी 10 टक्के खाटा मोफत राखीव असतात, लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मदत मिळते. उरलेलं द्यायचं असेल तर फक्त रुग्णालयाच्या खात्यात, पेशंटच्या नावावर. पाया पडला तरी वैयक्तिक खात्यात नाही.

18,400 पैकी 15,900 मी परत केलेत. आमच्या वॉचमनने 500 दिले होते, ते घेताना त्यांनी विचारलं, "मग ते बाळ कसं आहे?" फोटोतलं बाळ खरंच आहे, कोणाचं तरी आहे, आणि त्याच्या आईबापांना बहुतेक पत्ताही नसेल.

काल आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर तोच फोटो आला. नाकावर तीच चिकटपट्टी, नाव वेगळं, आजार किडनीचा. मी लगेच लिहिलं की पैसे पाठवू नका. माझ्या मेसेजच्या वर दोन काकूंनी "पाठवले" असं लिहिलेलं होतं. दोघींना फोन करून 1930 लावायला लावला.