मासा जिवंत आला म्हणून पैसे बुडाले

आकडा आधीच सांगतो, एकदाचं हसून घ्या: ८,८५० रुपये. माशाचे ५,८००, ऑक्सिजन-पॅकिंग ६५०, पार्सल ९०० आणि ‘पोचला की परत’ म्हणून डिपॉझिट १,५००. डिपॉझिटचं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल.

खाऱ्या पाण्याचा टँक मी ८ वर्षं सांभाळतोय. नवखा असतो तर एवढी लाज वाटली नसती. टँक ३ फुटी, १९० लिटर. त्यात मोठा लायनफिश (पंख्यासारख्या परांचा, विषारी काट्यांचा मासा) कोंबायचा नाही, एवढी अक्कल होती, म्हणून तर त्याचा बुटका भाऊबंद, फझी ड्वार्फ, हवा होता. तो वाढून वाढून १७ सेंटिमीटर होणार, दिवसभर कपारीत पोट टेकून बसणार, प्रवाळाला तोंड लावणार नाही. कोळंबी मात्र गिळतो, म्हणून माझी क्लीनर श्रिंप मी आधीच मित्राकडे पोचवली होती. एवढी तयारी!

विकणाऱ्याकडून फोटो आला तो अस्सल फझीचा, कुठून तरी उचललेला. व्हिडिओ मागितला तर ९ सेकंदांचा, पिशवीतल्या पिल्लाचा. तो मी थांबवून थांबवून पाहिला. ड्वार्फचा बाजूचा पर म्हणजे अख्खा पंखा, काड्यांमधला पडदा जवळजवळ टोकापर्यंत. ह्याच्या काड्या सुट्या, झालर फाटल्यासारख्या. मला दिसलं हो! बायकोलाही दाखवलं. त्याला विचारलं तर म्हणे, “सर, पिल्लू आहे, पडदा नंतर भरतो.” पडदा नंतर भरतो! आणि मी ‘बरं’ म्हणालो. पैसे पाठवताना यूपीआयवर नाव आलं कुठल्याशा जनरल स्टोअर्सचं, तेही गिळलं. कारण २ वर्षं शोधत होतो आणि तो म्हणाला होता, “एकच पीस आहे, पुण्याची पार्टी मागे लागलीये.” पुण्याच्या पार्टीला मिळू नये म्हणून डोंबिवलीच्या पार्टीने घाई केली. तुम्हीही केली असती.

गॅरंटी अशी की पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, मेलेला निघाला तर पैसे परत. मासा टुणटुणीत! ७ महिन्यांत ७ सेंटिमीटरचा १७ झाला आणि थांबायचं नाव घेईना. साधा टेरॉइस, म्हणजे तोच मोठा लायनफिश होता, ३८ सेंटिमीटरपर्यंत जाणारा, निदान साडेचारशे लिटर मागणारा. एका सकाळी क्लाउनफिशची जोडी गायब. ती २,४०० ची, वरच्या हिशेबात धरलेली नाही. विचारायला फोन केला तर नंबर ब्लॉक.

त्याच आठवड्यात काच पुसताना त्याच्या पाठीचा काटा माझ्या मधल्या बोटात गेला. पसरलेले पंखे दिसायला भयंकर, पण विष त्यांत नसतं. ते पाठीच्या १३ काट्यांत आणि पोटाखालच्या काट्यांत. (ड्वार्फही असाच डसतो, ‘छोटा आहे’ म्हणून हात घालू नका.) कोपरापर्यंत ठणका. बायको बर्फ घेऊन धावली. बर्फ नको, गरम पाणी: ४५ अंशांच्या आसपास, अर्धा ते दीड तास, आणि पाणी किती गरम ते बघायचं चांगल्या हातानं, कारण दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. श्वास अडला तर थेट दवाखाना.

मग चौकीत गेलो. “मासा आला ना? जिवंत आला ना? मग फसवणूक कुठली?” मी पराच्या काड्या समजावतोय, साहेब चहा पितायत. वर म्हणतात, “विषारी प्राणी घरात ठेवलाय, आधी त्याचंच बघावं लागेल.” तिथून दुसऱ्या ठाण्यात. तिथे रक्कम ऐकून पेनच खाली ठेवलं. एका सरकारी कचेरीत ‘आम्ही खायचे मासे बघतो’. ग्राहक तक्रारीला बिल असलं तर बरं, आणि बिल कोण देतं ह्या धंद्यात? मागा तरी. नाही म्हणाला तर तिथेच फोन ठेवा. पैसे गेल्याचं कळलं की त्याच दिवशी १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा. मी ७ महिन्यांनी लावला, हे लिहायलाही नको वाटतं.

शेजारी म्हणतात, खाडीत सोडून दे. नाही सोडणार. फ्लोरिडाजवळ हा मासा १९८५ साली पहिल्यांदा दिसला, आज कॅरिबियनभर उच्छाद आहे. आपल्या समुद्रात तो मूळचा आहे, तरी टँकमधलं दुखणं बाहेर का सोडायचं?

कुणाकडे ६ फुटी टँक असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. येताना झाकणाचा टणक डबा आणा. पिशवी काट्यांनी फाटते, आणि चिमट्यातली कोळंबी दिसली की तो उसळी मारतो.