सांगलीच्या गावभागात भाड्याने राहताना

सांगलीत बदली होऊन येणाऱ्या माणसाला घर शोधताना हमखास विश्रामबागेचा रस्ता दाखवला जातो, आणि तो सल्ला चुकीचा आहे असे मला म्हणायचे नाही. वालचंद आणि विलिंग्डन ही महाविद्यालये तिकडे आहेत, इमारती नव्या आहेत, रस्ते रुंद आहेत आणि नदी लांब आहे. मी मात्र काही वर्षांपासून गावभागात, म्हणजे कृष्णाकाठच्या जुन्या सांगलीत, गणपती मंदिरापासून पायी पाच मिनिटांवरच्या एका गल्लीत भाड्याने राहतो. ज्याचे काम हरभट रोड, गणपती पेठ किंवा सराफ कट्टा या पट्ट्यात आहे, ज्याच्याकडे चारचाकी नाही आणि ज्याला वरचा मजला मिळतो आहे, त्याने गावभागात घर जरूर घ्यावे, असे माझे मत आहे. तळमजला मिळत असेल, तर भाडे कितीही कमी असले तरी आधी पुरती चौकशी करावी.

आमच्या गल्लीत स्वतःच्या घरात राहणारी कुटुंबे थोडी आणि भाडेकरू जास्त आहेत. जुन्या वाड्यांच्या वाटण्या झाल्या, एक भाऊ मागे राहिला, बाकीचे पुण्याला किंवा विश्रामबागेत गेले, आणि त्यांच्या वाट्याच्या खोल्या भाड्याने लागल्या. काही वाडे पाडून तिथे तीन मजली अपार्टमेंट उभी राहिली. त्यांतलेही निम्मे फ्लॅट मालकांनी गुंतवणूक म्हणून घेतलेले असावेत, असे दारावरच्या बदलत्या पाट्यांवरून वाटते. पेढ्यांवर दागिने घडवणारे बंगाली कारागीर, सिव्हिलमध्ये पाळी करणाऱ्या परिचारिका, गणपती पेठेतल्या दुकानांचे कारकून आणि निवृत्तीनंतर देवळाजवळ राहायला आलेली एक-दोन जोडपी असा आमचा शेजार आहे. माणसे सतत बदलत असल्यामुळे इथे कुणी कुणाच्या घरात फारसे डोकावत नाही, पण दाराला कुलूप दोन दिवस दिसले तर समोरच्या काकू फोन करून विचारतात. मला हे प्रमाण योग्य वाटते.

या वस्तीची खरी किंमत पायी चालण्यात आहे. किराणा गणपती पेठेत घाऊक दुकानांतून घ्यावा, भाजी शिवाजी मंडईतून आणावी, सकाळी घाटावर फिरायला जावे आणि संध्याकाळी हरभट रोडवरून भडंगाचा पुडा घेऊन परतावे, यासाठी कोणतेही वाहन लागत नाही. मिरजेला किंवा विश्रामबागेला जायचे झाले तर बाहेरच्या चौकातून वडाप, म्हणजे माणशी भाडे घेणारी खासगी गाडी, मिळते. माझ्या एका सहकाऱ्याने विश्रामबागेत माझ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट भाड्याचे घर घेतले आहे. त्याची खोली मोठी आणि हवेशीर आहे, पण दुधापासून औषधापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी त्याला गाडीला किक मारावी लागते. दोन्ही घरांचा महिन्याचा हिशेब पेट्रोल धरून मांडला, तर फरक आणखी वाढतो.

घरांच्या आतल्या बाजूबद्दल इतके कौतुक करता येणार नाही. वाड्यातल्या खोल्यांना उजेड कमी, संडास पुष्कळ ठिकाणी सामाईक, आणि वरच्या मजल्यावर पत्रा असेल तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारी घरात थांबणे अवघड होते. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. ते वरच्या टाकीत चढवायला मोटर कुणाची आणि तिचे बिल कुणी भरायचे, हे आधीच बोलून घ्यावे. विजेचे मीटर बहुतेक वेळा मालकाच्या नावावर असते आणि भाडेकरूला पोटमीटर दिले जाते. युनिटचा दर मालक आपल्या मनाने ठरवतात. मूळ बिल बघायला मागितले तर काहींना राग येतो. ज्यांना येतो त्यांच्या घरात न राहिलेले बरे.

आता पुराविषयी, कारण गावभागात घर घेणाऱ्याने बाकी सगळे प्रश्न या एका प्रश्नानंतर विचारावेत. कृष्णेची पातळी सांगलीत आयर्विन पुलापाशी मोजली जाते. १९२९ साली वापरात आलेल्या या पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी मानतात. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या पुढे, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा ५५ फुटांच्या आसपास पोहोचले. सोळा वर्षांत तीन वेळा आलेल्या पाण्याला अपवाद म्हणता येत नाही. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर या सखल वस्त्यांत पाणी आधी शिरते. गावभागाची पाळी नंतर येते, पण गल्लीगल्लीतला उतार वेगळा असल्यामुळे दोन शेजारच्या घरांतही काही फुटांचा फरक पडतो. म्हणून इथला जाणता माणूस घर पाहताना चौरस फूट नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘आयर्विनला किती फूट झाल्यावर या उंबऱ्याला पाणी लागते?’ प्रामाणिक मालक तो आकडा न अडखळता सांगतो. ‘आमच्याकडे कधी येत नाही’ असे उत्तर मिळाले, तर गल्लीतल्या जुन्या दुकानदाराला तोच प्रश्न पुन्हा विचारावा.

मालकाच्या शब्दापेक्षा भिंत अधिक बोलते. २०१९ च्या पाण्याची रेघ काही घरांनी मुद्दाम रंगाने आखून, वर साल लिहून ठेवली आहे. काहींनी ती नव्या रंगाखाली झाकली आहे. अशा घरात मीटरच्या फळीमागे, जिन्याच्या खालच्या बाजूला आणि दाराच्या चौकटीच्या बुडाशी पाहावे. प्लायवूडचे कपाट खालून फुगलेले असेल किंवा विजेची बटणे नेहमीपेक्षा फार उंचावर बसवलेली असतील, तर रंगाखाली काय आहे ते कळते. बटणे उंचावर असणे हे खरे म्हणजे चांगले लक्षण आहे, कारण त्या मालकाने पुरापासून काहीतरी धडा घेतला आहे. तळमजल्यावर राहणारच असाल, तर भक्कम माळा आहे का हे पाहा, आणि तो मालकाच्या जुन्या सामानाने भरलेला नसावा हेही पाहा. भांडी, धान्य आणि कागदपत्रे चढवायला माळाच नसेल, तर कमी भाड्याने वाचवलेले पैसे एका पावसाळ्यात जातात.

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत इथल्या रोजच्या बोलण्यात कोयनेचा साठा आणि विसर्ग येतो. धरणातून सोडलेले पाणी सांगलीत पोहोचायला वेळ लागतो, आणि ही मधली सवड हाच भाडेकरूचा सगळ्यात मोठा आधार असतो. वारणेचे पाणी मात्र विसरू नये. हरिपूरच्या संगमावर ती कृष्णेला मिळते आणि दोन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या, तर सांगलीतले पाणी लवकर उतरत नाही. आमच्या मालकांचा नियम साधा आहे: पाणी चाळिसाच्या पुढे गेले आणि वर कोयना खोऱ्यात, पाटणकडे पाऊस थांबलेला नसला, की फ्रीज आणि वॉशिंग मशीन वर न्यायचे. पंचेचाळिसाची वाट पाहत बसलेल्यांना नंतर टेम्पो मिळत नाही. मिळाला तर त्या दिवशीचा दर ऐकून घर सोडण्याचे दुःख मागे पडते.

पुरापेक्षा पुरानंतरचे पंधरा दिवस भाडेकरूला जास्त कठीण जातात. गाळ काढायचा कुणी, मोटर दुरुस्त कुणी करायची, घर राहण्यालायक नसतानाचे भाडे द्यायचे की नाही, यावर तोंडी व्यवहारात काहीच ठरलेले नसते. २०१९ च्या पुरानंतर शहरी भागातल्या पूरग्रस्त कुटुंबांना १५ हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान जाहीर झाले होते. अशा वेळी आपण त्याच पत्त्यावर राहत होतो हे दाखवणारा कागद हाताशी लागतो. मालकाचे नाव घरपट्टीवर असते, भाडेकरूचे नाव कुठेच नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. करार अकरा महिन्यांचा असला म्हणून त्यातून सूट मिळत नाही, हे गावभागातल्या पुष्कळ मालकांना पटवून द्यावे लागते. नोंदणी नसेल आणि वाद उभा राहिला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. तरीही वादापर्यंत जाऊ देण्यापेक्षा नोंदणीचा अर्धा खर्च स्वतः उचललेला परवडतो.

बाकीच्या त्रुटी किरकोळ आहेत, पण त्या आहेत. दुचाकी कशीबशी लागते. चारचाकीला जागा नाही आणि गाडी विकत घेण्याचा विचार असेल तर घर दुसरीकडे शोधावे. पावसाळ्यात डास असह्य होतात. सांगली संस्थानच्या गणपतीचे विसर्जन पाचव्या दिवशी असते आणि त्या दिवशी आमच्या भागातून वाहन बाहेर काढण्याचा विचारसुद्धा करू नये. मला स्वतःला तो दिवस आवडतो, परंतु ज्यांना रात्रपाळी करून झोपायचे असते त्यांचे मत वेगळे आहे. नदीत पोहण्याची हौस असलेल्यांनी घाटावरच्या नेहमीच्या माणसांना विचारल्याशिवाय उतरू नये. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी दिसतात आणि ती भीती घालण्यासाठी रचलेली गोष्ट नाही.

मी पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांना महिना साडेपाच हजार रुपये आणि तीस हजार रुपये डिपॉझिट देतो. एवढ्या पैशात बाजारपेठेला इतके लागून घर सांगलीत दुसरीकडे मिळेल असे मला वाटत नाही. या खेपेला कराराचे नूतनीकरण करताना भाडे पाचशेने वाढले, ते मी मान्य केले आणि बदल्यात दोन वाक्ये घालून घेतली: पाणी तळमजल्यात शिरल्यापासून वीज व नळ पूर्ववत होईपर्यंतचे भाडे आकारले जाणार नाही, आणि जुलै ते सप्टेंबर या काळात गच्चीवरच्या खोलीची एक किल्ली भाडेकरूकडे राहील. मालकांनी पहिल्या वाक्यावर थोडी कुरकुर केली. दुसऱ्यावर मात्र लगेच सही केली आणि खालच्या मजल्यावरच्या कुटुंबासाठीही तशीच एक किल्ली करून घ्यायला सांगितले.