डांबरगोळीतले रेणू एकमेकांना किती धरून आहेत ते मोजायचंय? मग साय-फोर वापरून बघा (सहा महिने वापरल्यानंतरचा रिव्ह्यू)

कपाटातली नॅफ्थलीनची डांबरगोळी हळूहळू उडून जाते कारण तिच्यातल्या रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारं आकर्षण फारच नाजूक असतं, तिथे बॉन्डबिंड काही नसतो, नुसतं व्हॅन डर वाल्स आकर्षण. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मला या आकर्षणाचेच आकडे काढायचे होते आणि त्यासाठी मी साय-फोर (Psi4) हा रेणूंची एनर्जी काढणारा क्वांटम केमिस्ट्रीचा प्रोग्रॅम वापरला. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, कोंडा (conda) या पॅकेज मॅनेजरमधून एका ओळीत इन्स्टॉल होतं आणि पायथनमधून चालतं.

आधी मी वहीवर फ्रिट्झ लंडन या शास्त्रज्ञाचा 1930 चा आकर्षणाचा फॉर्म्युला लावून बघितला होता, आर्गॉनच्या दोन अणूंसाठी. पोलरायझेबिलिटी (अणूचा इलेक्ट्रॉन ढग किती सहज सरकतो ते) 1.64 घन अँगस्ट्रॉम, आयनायझेशन एनर्जी 15.76 इलेक्ट्रॉन व्होल्ट, अंतर 3.76 अँगस्ट्रॉम घेतलं की साधारण 0.26 किलोकॅलरी प्रति मोल येतं. खरी विहीर, म्हणजे जोडीचं प्रत्यक्षातलं जास्तीत जास्त आकर्षण, 0.28 च्या आसपास खोल आहे. मी खूश झाले, पण गाईडनी लगेच विचारलं की यात रिपल्शन (जवळ आल्यावर अणू एकमेकांना ढकलतात ते) कुठंय? नव्हतंच. लंडनचा फॉर्म्युला आकर्षण कमी दाखवतो आणि आपण रिपल्शन धरतच नाही, दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात म्हणून उत्तर जवळ येतं. हे कळल्यावर मला नुसता आकडा नको होता, तो कशाकशाने बनलाय ते हवं होतं.

साय-फोरचं सॅप्ट (SAPT) मॉड्यूल, म्हणजे दोन रेणूंमधलं आकर्षण घटकांत फोडून काढणारी पद्धत, नेमकं तेच देतं. इनपुटमध्ये दोन रेणूंच्या मध्ये दोन डॅश टाकायचे (मी पहिल्यांदा विसरले, मग प्रोग्रॅमला दोन्ही मिळून एकच रेणू वाटतो), सॅप्ट झिरो (त्यातला सगळ्यात साधा प्रकार) सांगायचं, की शेवटी चार ओळी येतात, इलेक्ट्रोस्टॅटिक्स (स्थिर विद्युत आकर्षण), एक्स्चेंज (रिपल्शन), इंडक्शन (एकामुळे दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन ढग सरकतो ते), डिस्पर्शन (लंडनवालं आकर्षण). पाण्याच्या जोडीत इलेक्ट्रोस्टॅटिक्स पुढे असतं, बेन्झिनच्या जोडीत डिस्पर्शन. त्यातही एक बेन्झिन दुसऱ्यावर जरा सरकवून ठेवलं किंवा टी आकारात उभं केलं तरी एकूण आकर्षण जवळपास सारखंच, 2.7 किलोकॅलरी प्रति मोलच्या आसपास, पण टी मध्ये इलेक्ट्रोस्टॅटिक्सचा वाटा तुलनेनं जास्त. दोन सारखे आकडे आणि आत हिशेब वेगळा, हे स्क्रीनवर पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ती फाईल तीनदा वाचली.

दुसरा मोठा फायदा वजाबाकीचा. नेहमीच्या पद्धतीत जोडीची एनर्जी काढायची आणि त्यातून सुट्या रेणूंची वजा करायची. एका बेन्झिनची एनर्जी साधारण उणे 232 हार्ट्री (एनर्जीचं एकक), जोडीची उणे 464, आणि आपल्याला हवा असलेला फरक 0.0043. म्हणजे दहा टनांची उसाची ट्रॉली काट्यावर घालून तिच्यातल्या शंभर ग्रॅमच्या कांडक्याचं वजन काढण्यासारखं आहे. त्यात परत जोडीत असताना प्रत्येक रेणू शेजाऱ्याची बेसिस फंक्शन्स (इलेक्ट्रॉन मांडायला वापरलेली गणिती फंक्शन्स) उसनी घेतो आणि आकर्षण उगाच जास्त दिसतं, ही उसनवारी फेडायला बॉईज आणि बर्नार्डी यांची 1970 ची काउंटरपॉइज पद्धत लागते. साय-फोरमध्ये ती एका शब्दात चालू होते. आणि सॅप्टमध्ये तर वजाबाकीच नाही, आकर्षण थेट काढतात, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

आता मर्यादा. सॅप्टला ग्रेडियंट (अणू कुठे सरकवले की एनर्जी कमी होईल ते सांगणारे उतार) नाहीत, म्हणजे त्याने जॉमेट्री, रेणूंची नेमकी मांडणी, ऑप्टिमाइझ होत नाही, ती आधी दुसऱ्या पद्धतीने काढून आणावी लागते. मी त्यासाठी डीएफटी (इलेक्ट्रॉन घनतेवरून एनर्जी काढणारी पद्धत) वापरते पण ग्रिम यांच्या डी-थ्री करेक्शनसकट, जे डिस्पर्शन वरून जोडतं. बी-थ्री-एलवायपी हा डीएफटीचा प्रकार नुसताच घेऊ नका प्लीज, त्याला डिस्पर्शन दिसतच नाही, एकावर एक ठेवलेली बेन्झिन्स त्याच्या मते एकमेकांना ढकलतात. डी-थ्री 2010 चं आहे, वेळ जवळजवळ शून्य लागतो, आणि ते न लावता स्टॅकिंगबद्दल (रेणू एकावर एक रचण्याबद्दल) लिहिलेलं काही मी आता वाचत नाही.

सॅप्ट झिरोसाठी बेसिस, म्हणजे त्या फंक्शन्सचा संच, जून-सीसी-पीव्हीडीझेड (jun-cc-pVDZ) घ्या. मोठा बेसिस घेतला की उत्तर सुधारेलच असं नाही, कारण सॅप्ट झिरोमध्ये रेणूच्या आतलं कोरिलेशन (इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात त्याचा हिशेब) नसतं, मोठ्या बेसिसमध्ये स्टॅकिंगचं डिस्पर्शन फुगतं, आणि छोट्या बेसिसमधली तूट ते बरोबर भरून काढते. म्हणजे इथेही चुका एकमेकींना खातात, फक्त कुठे आणि किती ते लोकांनी तपासून ठेवलंय, प्रागच्या होब्झा यांच्या ग्रुपच्या 2006 च्या एस-22 सारख्या रेणूंच्या जोड्यांच्या प्रमाणित सेटवर. तुम्हीही त्यातली दोन-तीन उदाहरणं आधी चालवा. मिथेनची जोडी 0.53, पाण्याची 5.02 किलोकॅलरी प्रति मोल, एवढे जुळले की हात बसतो.

मेमरी स्वतः सेट करा, डिफॉल्ट फक्त 500 एमबी असते. माझ्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर बेन्झिनची जोडी काही मिनिटांत होते. रेणू वाढले की मात्र वेळ झपाट्याने वाढतो, शंभरेक अणूंच्या वर मी आधी एक्सटीबी (xTB) या झटपट अंदाजे पद्धतीने चाळणी लावते आणि मोजक्याच रचना सॅप्टला देते.

पाचपैकी साडेचार. अर्धा ग्रेडियंटसाठी कापला. नॅफ्थलीनच्या जोडीचं आकर्षण बेन्झिनपेक्षा बरंच जास्त आलंय, सध्या क्रिस्टलमधल्या सगळ्या शेजाऱ्यांच्या जोड्या एकेक करून चालवतेय, कुणी केलं असेल तर इनपुट फाईल नक्की पाठवा.