आरव्हीतली छत्री आणि परगावच्या लोकल वाहिन्या: काही महिन्यांच्या वापरानंतर

संच असा: डिश नेटवर्क या उपग्रह टीव्ही कंपनीचा वॉली रिसीव्हर (सेट-टॉप बॉक्स), टेलगेटर डोम (झाकणातली छोटी छत्री), झाडी असेल तिथे तिपाईवर लावायची उघडी छत्री आणि टपावर साधा टीव्ही अँटेना. अमेरिकेत आरव्हीने, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीने, राज्यामागून राज्य ओलांडताना एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स या नेटवर्कच्या लोकल वाहिन्या (त्या त्या शहराची स्टेशनं) कितपत टिकतात, याबद्दलच हे लिहितोय. ईएसपीएन, सीएनएनसारख्या वाहिन्या देशभर मिळतात, त्यांची काळजी नको.

भारतातून आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. डीडी फ्री डिशवर सह्याद्री जशी पुण्यात दिसते तशीच इंदुरातही दिसते, कारण उपग्रहाचा बीम, म्हणजे सिग्नलचा झोत, देशभराचा एकच असतो. इथे नील्सन या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या कंपनीने देशाचे 210 टीव्ही बाजार पाडलेत, तेही काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा). प्रत्येक बाजाराच्या लोकल वाहिन्या छोट्या स्पॉट बीमवरून त्याच भागापुरत्या खाली सोडतात. त्यामुळे तीच फ्रिक्वेन्सी दूरच्या दुसऱ्या शहरासाठी पुन्हा वापरता येते, नाहीतर हजारभर स्टेशनं उपग्रहात मावलीच नसती. बीमचा आकार बाजारागणिक वेगळा, पण मुक्कामापासून शे-दोनशे मैल पुढे गेलात की लोकल जाणार हे धरूनच चाला.

बीमबाहेर गेल्याची खूण ठरलेली आहे. बाकी सगळं स्वच्छ दिसतं आणि फक्त लोकल क्रमांकांवर सिग्नल नसल्याचा संदेश येतो. अशा वेळी छत्री हलवत बसू नका. आधी सिग्नलच्या पडद्यावर ट्रान्सपॉण्डर, म्हणजे उपग्रहावरचे एकेक प्रक्षेपक, बघा. देशभराचे हिरवे आणि लोकलचा शून्यावर असेल तर जुळणी बरोबर आहे, तुम्हीच बीमबाहेर आहात. एखादा उपग्रह पूर्णच गायब असेल तर मात्र झाड आड आलंय. लोकल वाहिन्या कुठल्या उपग्रहावर हे बाजारागणिक बदलतं, म्हणून छत्री पाहते त्या तीन उपग्रहांपैकी एकच झाकला गेला तरी नेमक्या त्याच जाऊ शकतात.

बीमबाहेर गेल्यावर छत्रीवर लोकल आणायचा नेहमीचा उपाय: कंपनीला फोन करून सर्व्हिस अॅड्रेस (सेवेचा नोंदवलेला पत्ता) बदलून मुक्कामाचा पत्ता द्यायचा. बिलिंगचा पत्ता तसाच ठेवायचा, हे बोलतानाच स्पष्ट सांगा. त्या वेळी रिसीव्हर चालू आणि उपग्रहाला लागलेला हवा, कारण परवानगी उपग्रहावरूनच येते. गाईडमध्ये नवे क्रमांक दिसायला थोडा वेळ लागतो. नाहीच आले तर रीसेट करा. एक गोष्ट सगळ्यांकडून राहते: रेकॉर्डिंगचे टायमर जुन्या वाहिनीला बांधलेले असतात. वाहिनी गेली की टायमर मुकाट्याने वगळला जातो, म्हणून दर बदलानंतर ते नव्याने लावायचे.

आता डिस्टंट नेटवर्क, म्हणजे न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसची फीड. ती बीमवर अवलंबून नसल्याने सगळ्यांना हवीशी वाटते, पण कायदा कडक आहे. कंपन्यांना अशी फीड देऊ देणारा मूळ कायदेशीर परवाना 1988 चा. 2019 च्या दुरुस्तीनंतर तो मुख्यतः आरव्ही, व्यावसायिक ट्रक आणि एखादं नेटवर्क ज्यांच्याकडे नाहीच असे बाजार, एवढ्यांपुरता उरलाय. शिवाय कंपनीने सगळ्या 210 बाजारांत लोकल द्यायला हव्यात. आरव्हीवाल्याला वाहनाच्या नोंदणीची प्रत आणि सहीचं लेखी निवेदन द्यावं लागतं. त्या निवेदनात छत्री वाहनाला कायमची जोडलेली आहे आणि ती पक्क्या घरात वापरणार नाही, असं लिहून द्यायचं असतं. म्हणजे जमिनीवर ठेवायचा डोम किंवा तिपाई यात बसत नाही. हे माहीत नसताना लोक आधी फिरता डोम घेतात आणि मग अर्ज करतात.

घरच्या जोडणीसाठी खोटा पत्ता देऊन शेजारच्या शहराच्या वाहिन्या घेण्याचे सल्ले सर्रास मिळतात. माझं स्पष्ट मत, करू नका. कराराचा भंग तर आहेच, आणि बीम पोचत नसेल तर हाती काही लागतही नाही. चुकीच्या बाजारात अडकलेल्या काउंटींसाठी 2014 च्या कायद्याने सरळ मार्ग ठेवलाय. कोलोरॅडोतली ला प्लाटा काउंटी न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या बाजारात मोडते. तिने एफसीसीकडे (प्रसारणावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाकडे) अर्ज करून डेन्व्हरच्या वाहिन्यांसाठी मंजुरी मिळवली.

डिस्टंट फीड मिळाली तरी तिच्यावर विसंबू नका, हे कळकळीने सांगतो. मे महिन्यात ओक्लाहोमा-कॅन्ससमध्ये मुक्काम असेल तर टोर्नेडोचा इशारा न्यूयॉर्कची वाहिनी देणार नाही. तो लोकल स्टेशनच देतं, पडद्याखालच्या पट्टीत, काउंटीच्या नावाने. कॅम्पग्राउंडला पोचलात की आपली काउंटी कुठली ते विचारून दाराजवळ लिहून ठेवा. सोबत एनओएए या सरकारी हवामान संस्थेचे इशारे ऐकवणारा वेदर रेडिओही असू द्या.

जुळणीबद्दल थोडं. डोम सोयीचा आहे: एकच कोॲक्स, वीजही त्याच वायरीतून, उपग्रह स्वतः शोधतो. मात्र पूर्वेकडच्या राज्यांत 110, 119, 129 अंश पश्चिम रेखांशांवरचे उपग्रह आकाशात फार खाली उतरतात. मेनमधल्या पोर्टलंडला 129 क्षितिजापासून जेमतेम 13 अंशांवर असतो, म्हणजे समोरची झाडांची रांग आडवी आलीच. तिथेच 61.5 चा उपग्रह 39 अंशांवर सापडतो. म्हणून पूर्वेला ईस्टर्न आर्कची (पूर्वेकडच्या उपग्रहांसाठीची) छत्री तिपाईवर लावणं केव्हाही बरं. खांब ओळंब्यात हवा. तो कलला की उंचीच्या आणि स्क्यूच्या (छत्रीच्या तिरकेपणाच्या) आकड्यांना अर्थ उरत नाही. डायरेक्टीव्ही या दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांनी ध्यानात ठेवावं की त्यांचं एचडी 99 आणि 103 अंशांवरून का-बँड या वेगळ्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यात येतं आणि छोटे डोम ते पकडत नाहीत. तिथे विनेगार्ड ट्रॅव्हलरसारखी टपावरची उघडी छत्रीच लागते.

शहराच्या पन्नासेक मैलांत असाल तर मात्र मी सगळ्यात आधी अँटेनाच उघडतो. वॉलीला यूएसबीचा ओटीए अडॅप्टर लावला की हवेतल्या वाहिन्या त्याच गाईडमध्ये येतात, पत्ता बदलावा लागत नाही. दर मुक्कामी पुन्हा स्कॅन करायचं. एखादंच नेटवर्क सापडत नसेल तर ते स्टेशन 7 ते 13 या व्हीएचएफ चॅनेलांवर आहे का ते पाहा. चपटे छोटे अँटेना तिथे कमी पडतात, लांब दांड्यांचा लावला की बहुधा काम होतं.