उभ्या ईव्हीची बॅटरी किती उतरली: टक्का बघायचा की युनिट मोजायचे?

सोपं म्हणजे टक्का, गाडी लावताना डॅशबोर्डचा फोटो काढा, परत आल्यावर दुसरा काढा, झालं. पण 30 युनिटच्या बॅटरीत 1 टक्का म्हणजे 0.3 युनिट, त्याखालचं काही दिसतच नाही, आणि कडक थंडीत टक्का नुसता तापमानामुळेही हलतो. आणि प्लीज ॲप सारखं उघडू नका, बऱ्याच गाड्या त्याने जाग्या होतात आणि मोजण्यापायीच चार्ज जातो!

दुसरं म्हणजे चार्जरच्या लाईनला सबमीटर. जायच्या आधी 80 टक्के भरा, प्लग काढा, आल्यावर परत 80 करा आणि मीटरवर किती युनिट गेले ते वाचा. यात चार्जिंगचा लॉसही येतो, घरच्या चार्जिंगला साधारण 10-15 टक्के धरा, पण बिलात काय पडणार ते हेच सांगतं. फक्त 80 वर थांबताना गाडी तिचाच टक्का बघते ना, म्हणून दोन दिवसांच्या मापाला अर्थ नाही, निदान दोन आठवडे गाडी उभी हवी.

मी तरी मीटरच लावेन. उभ्या गाडीभोवती नजर ठेवणारा कॅमेऱ्याचा पहारा चालू ठेवला तर किती खातो एवढंच बघायचं असेल तर टक्का पुरे, तो फरक एका रात्रीत दिसतो.